घशात ओतलेले तूस

मो रुनज्याओ चुलीपाशी उभी राहायची ती गिऱ्हाइकाकडे पाठ करून. तिची शेवयांची टपरी आमच्या थांगकोउ गावाच्या दगडी रस्त्याच्या टोकाला, डोहात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी होती. माणसे रस्त्याने येत, बाकावर बसत, आणि हिचे तोंड पाण्याकडे. नवख्याला तो उर्मटपणा वाटे. शहरातून आलेल्या एका साहेबाने एकदा तसे बोलून दाखवले, तर ती मागे न वळताच म्हणाली, "शेवया वाडग्यात आहेत, माझ्या तोंडावर नाहीत. खा." त्याने मुकाट्याने खाल्ल्या. तांदळाच्या ओल्या शेवया, कढण, भाजलेले शेंगदाणे, वर आंबवलेले बांबूचे कोंब. तिच्या हाताला चव होती, हे तिच्याशी भांडलेली माणसेही मान्य करत.

माझे घर टपरीला लागूनच. माझे यजमान गेल्यावर आमच्या दोघींमधली स्वयंपाकघराची खिडकी दारापेक्षा जास्त उघडी राहू लागली. तिची हकीकत मला थोडी तिच्याकडून कळली, थोडी तिच्या दिराकडून, आणि शेवटचा भाग मी स्वतः पाहिला.

ती मूळची थांगकोउची नव्हे. डोंगरात वेइ आडनावाच्या लोकांचे गाव आहे, तिथली ती सून. आमच्याकडचे डोंगर ताटात उपडे ठेवलेल्या पेल्यांसारखे सुटेसुटे. त्यांच्या मधल्या वाटीएवढ्या जागेत गाव, मका आणि थोडे भात. अशा वाटीला नदी नसते. पावसाचे सगळे पाणी तळाच्या एका भोकातून जमिनीच्या पोटात जाते. वेइंच्या गावात त्या भोकाला 'घसा' म्हणत. घसा मोकळा असला तर पीक घरात येते. घशात फांद्या आणि पेंढा अडकला की शेतांचे तळे होते आणि पुढच्या वर्षी लोक रताळ्यांवर दिवस काढतात. म्हणून पावसाच्या आधी घसा साफ करायचा, हे गावाचे पहिले काम.

तिचा नवरा चुनाभट्टीवर होता. चुन्याने त्याची छाती आतून खाल्ली आणि पदरी एक लहान मुलगा टाकून तो गेला. आमच्याकडे माणसाला दोनदा पुरतात. आधी मातीत, आणि माती आपले काम करून मोकळी झाली की काही वर्षांनी थडगे उघडून हाडे वेचतात. ती कागदाने पुसायची, तांदळाच्या दारूने धुवायची, आणि गुडघ्याएवढ्या रांजणात रचायची: पाय खाली, डोके वर, उकिडव्या बसलेल्या माणसासारखी. मग रांजण कुळाच्या टेकडीवर खडकाच्या कपारीत. हाडे वेचली नाहीत तोवर माणूस पोहोचला असे कोणी मानत नाही. हाडांना ऊन लागू नये म्हणून मुलाने वर काळी छत्री धरायची असते.

नवऱ्याची हाडे रुनज्याओने स्वतः वेचली. मुलगा, आकुन, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. त्याचा हात भरून आला आणि छत्री डगमगू लागली. ती म्हणाली, "सरळ धर. बापाला ऊन लागतंय. आणि माझ्या वेळी असा हलू नकोस, मी उठून थोबाडीत देईन." कुळाच्या टेकडीवर तिने नवऱ्याच्या शेजारी दोन रांजणांची जागा झाडून ठेवली, एक स्वतःची, एक पुढे कधीतरी आकुनची. हे ती मला हसत सांगायची. आयुष्यात पुढची सोय म्हणून तिने केलेली तेवढीच एक गोष्ट.

आकुन एकोणीस वर्षांचा झाला त्या वर्षी होडीसणाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या होड्यांच्या शर्यतींच्या, आधीच पाऊस आला. घसा साफ झालेला नव्हता. शेतात पाणी चढू लागले. अशा वेळी कमरेला दोर बांधून एकाने पाण्यात उतरायचे आणि आकडा लावलेल्या बांबूने फांद्या ओढून काढायच्या. मुकादमाने नाव घेतले ते रुनज्याओच्या दिराचे, थिंगमाओचे. थिंगमाओला त्याच महिन्यात मुलगा झाला होता. बाळाचा महिना भरला नसताना बापाने पाण्यात उतरू नये असे आमच्याकडे मानतात. आकुनने त्याच्या कमरेचा दोर सोडला आणि आपल्या कमरेला बांधला. काका, तुम्ही वरून धरा, म्हणाला.

थिंगमाओने धरला. आकुनने फांद्यांचा मोठा गुंता सोडवला, आणि घशाने एकदम घोट घेतला. अंबाडीचा दोर थिंगमाओच्या मुठीतून धावला. तळहाताची कातडी दोराबरोबर गेली. तो पाण्याच्या कडेपर्यंत ओढला गेला, आणि तिथे त्याने हात उघडले. सगळ्या गावाने पाहिले. कोणी दोष दिला नाही, रुनज्याओनेही नाही. तिने फक्त त्याचे हात धुतले आणि त्यांवर पाला बांधला. त्या दिवशी शेतांतले पाणी उतरले. पीक वाचले.

हिवाळ्यात घशात पाण्याची बारीक धार उरली, तेव्हा तिने जुन्या माणसांचा उपाय केला. कुठल्या भोकाचे पाणी कुठे निघते हे पाहायचे असले की भोकात भाताचे तूस ओततात, आणि खालच्या झऱ्यांवर माणसे बसवतात. तूस पाण्याबरोबर जाते, पाण्याबरोबर वर येते. थिंगमाओने अर्ध्या बऱ्या हातांनी पोती वाहून घशात रिकामी केली. आसपासच्या झऱ्यांवर नातलग बसले, आणि रुनज्याओ आमच्या डोहावर. डोंगरकण्याच्या पलीकडे लुंगयाओ नावाचे गाव आहे, तिथे कोणालाच पाठवले नाही. पाणी डोंगर ओलांडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते.

मी तिला पहिल्यांदा पाहिले ते त्या वेळी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी धुवायला पायऱ्या उतरले, तर एक अनोळखी बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्याभोवती पिवळे तूस गोल गोल फिरत होते. ती ते ओंजळीत घेऊन हुंगत होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "आमचंच आहे. आमच्या भाताला असा वास येतो."

म्हणजे आकुन इथे येणार होता. आज ना उद्या, निदान हाडे तरी. वाहते पाणी कधीतरी देतेच. ती आली आणि राहिली. आधी सहकारी खानावळीत भांडी घासली. पुढे काळ सैल झाला आणि माणसांना आपापला धंदा करू देऊ लागले, तेव्हा पायऱ्यांपाशी टपरी टाकली. दर पुरात ती लांब बांबूला सूप बांधून डोहाच्या कडेला उभी असे. डोहाने तिला खूप काही दिले: वेइंच्या गावची टोपली, भोपळे, फुगलेले डुक्कर, एक लाकडी चप्पल. एकदा एक नडगी मिळाली. ती तिने स्वच्छ धुतली, फडक्यात गुंडाळली आणि औषधवाल्याकडे नेली. त्याने वासराची म्हणून सांगितले. ती परत आली आणि नडगी पुन्हा पाण्यात सोडली. म्हणाली, "याचीही आई असेल कुठेतरी."

थिंगमाओ दर हिवाळ्यात घशात तुसाचे एक पोते ओतून मग आमच्याकडे उतरे. तूस दर वेळी येई. डोह दर वेळी तेच उत्तर देई आणि तिला तेच हवे असे. तो बाकावर बसे. तळहाताची कातडी आखडल्यामुळे त्याला शेवया खायच्या काड्या नीट धरता येत नसत, म्हणून त्याच्या वाडग्यात ती न बोलता चमचा ठेवी. पीक कसे आहे, जिनसोंग किती वाढला, एवढेच बोलणे. जिनसोंग म्हणजे तोच, ज्याचा महिना भरला नव्हता. दोराचा विषय दोघांत कधी निघाला नाही.

मी लहानपणी ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत शिकले, हे ती जाणून होती. एकदा तिने विचारले, तुमच्या जोगिणी मेलेल्यांचे काय करतात? मी सांगितले की शेवटच्या दिवशी सगळे आपापल्या देहासकट उठतील, कुठेही पडलेले असले तरी. तिने शेवया उपसता उपसता विचार केला. "पण आपली हाडं कुठली, हे त्यांना कळणार कसं?" मी म्हणाले, देवाला कळते. "मग त्याने आत्ताच सांगितलं तर काय बिघडेल?" ती म्हणाली आणि पळी कढणात आपटली. यावर जोगिणींनी मला काही शिकवलेले नव्हते.

मग रस्ता झाला, बसगाड्या आल्या, आणि आमचा डोह बघण्याची गोष्ट झाली. दगडी रस्त्यावरची घरे एका रंगात रंगवली. वेशीला तिकिटाची खिडकी बसली. डोहाला पर्यटन कंपनीने भारदस्त नाव दिले आणि पलीकडच्या वाकड्या सुळक्याला 'वाट पाहणारी माता' म्हणायचे ठरले. गाइड पोरी स्पीकरवरून सांगत की एका आईचा मुलगा पाण्यातल्या राजाच्या महालात गेला आणि त्याची वाट पाहून ती दगड झाली. लोक सुळक्याचे फोटो काढत आणि मग भूक लागली की रुनज्याओकडे शेवया खात. ती गोष्ट कोणी तिच्यावरून रचली होती असे मुळीच नाही. प्रत्येक डोंगराला एक गोष्ट लागते, म्हणून रचली. ती ऐकून रुनज्याओ म्हणाली, "दगड झाली? बरं आहे. दगडाला चूल पेटवावी लागत नाही."

कंपनीला जमिनीखालच्या पाण्यातून होड्या चालवायच्या होत्या. त्यासाठी शहरातून तपासणारी माणसे आली. त्यांनी भर पावसाळ्यात वेइंच्या घशात हिरवा रंग ओतला. डोह हिरवा होईल म्हणून पायऱ्यांवर गर्दी लोटली. रुनज्याओ चूल सोडून पुढे उभी राहिली नाही. तिला काय होणार ते ठाऊक होते. डोह गढूळच राहिला. संध्याकाळी लोक पांगले. दुसरा दिवसही तसाच गेला.

पुढच्या बाजारच्या दिवशी लुंगयाओच्या दोन बायका बदके विकून टपरीवर बसल्या. कंपनीच्या नावाने शंख करत होत्या.

"झरा हिरवागार झाला आमचा," एक म्हणाली. "बदकं हिरवी, पोरं हिरवी. नवऱ्याचा लेंगा धुतला तर पालेभाजीसारखा निघाला."

"बरं झालं," दुसरी म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाच्या घरात शिरला तर ओळखू तरी येईल."

रुनज्याओ वळली. डोहाकडे पाठ करून उभी राहिलेली ती मी तोवर पाहिली नव्हती.

"कुठला झरा?" तिने विचारले.

"गावाखालचा, मावशी."

"हिवाळ्यात केवढं पाणी असतं त्याला?"

"हिवाळ्यात? कोरडा ठक्क. पूर आला की मग फुटतो."

पळी हातातच राहिली. पातेल्यातल्या शेवया फुगून त्यांची लापशी झाली आणि करपल्याचा वास माझ्या खिडकीतून आत आला, तेव्हा मी बाहेर आले. बायका पैसे ठेवून गेल्या होत्या. मी पातेले उतरवले. ती म्हणाली, "ताई, हिवाळ्याचं पाणी एका वाटेने जातं आणि पुराचं दुसऱ्या. मी हिवाळ्याच्या पाण्याला पुराचं विचारत बसले."

तिने निरोप धाडून थिंगमाओला बोलावले आणि आम्ही तिघे खिंड चढून लुंगयाओला गेलो. त्या गावात नोंग आजी म्हणून एक म्हातारी होती. झऱ्यावरच्या कपारीतल्या बेवारस रांजणापुढे उदबत्ती लावायचे काम तिच्याकडे होते. रुनज्याओने त्या वर्षाच्या होडीसणाचा पूर असे म्हणताच म्हातारीने तिचा हात धरला आणि आधी पाणी दिले.

हो, झऱ्याने माणसे दिली होती. तिघे. वेगवेगळ्या पुरांत, आणि तिघेही पुरुष. त्या वर्षीही एक आला होता, असे तिला आठवत होते. अंगावर कपडा नव्हता आणि चेहरा राहिला नव्हता. गावाने त्यांना झऱ्याच्या बाजूला एकाच खड्ड्यात पुरले.

"कोणाला कळवलं का नाही?" थिंगमाओने विचारले.

"तेव्हा मेलेला माणूस सापडला म्हणून सांगायला जाणाऱ्यालाच आधी चौकीत बसवून ठेवत," म्हातारी म्हणाली. "आणि तुम्ही तरी कुठे विचारायला आलात, बाळा?"

पुढे गावाने हाडेही वेचली, कारण बेवारस मेलेले तसेच राहिले तर पाणी पिणाऱ्यांना लागतात. पण वेचणारा पिऊन आला होता. पाय खाली आणि डोकी वर, एवढे त्याने पाळले. कोणाचे पाय आणि कोणाचे डोके, ते त्यालाही माहीत नव्हते. तिघे एकाच रांजणात होते.

थिंगमाओने छत्री धरली आणि म्हातारीने झाकण काढले. वर तीन कवट्या होत्या, एकमेकींना टेकलेल्या. रुनज्याओने त्या एकेक करून उचलल्या, दात पाहिले, कपाळावरून अंगठा फिरवला. आकुनला ओळखण्यासारखे काही नव्हते. तो कधी पडला नव्हता, त्याचे काही मोडले नव्हते, दात सरळ होते. ती अभिमानाने तसे सांगत आली होती.

मग म्हातारीनेच उपाय सांगितला. आईचे रक्त मुलाचे हाड पिते आणि परक्याचे रक्त वरून घरंगळते. तिने टोपडे शिवायची सुई आणून दिली. रुनज्याओने डाव्या करंगळीला टोचून पहिल्या कवटीवर थेंब सोडला. तो आत गेला. म्हातारी हात जोडून काही पुटपुटू लागली. रुनज्याओने तिला थांबवले आणि दुसरीवर थेंब सोडला. तोही आत गेला. तिसरीवरचाही.

मग रुनज्याओ म्हातारीला म्हणाली, "आजी, तुझं बोट दे."

"माझं कशाला, बाई?"

"दे."

म्हातारीचा थेंब पहिल्या कवटीवर पडला. तेवढ्याच झटकन आत गेला. बाजूला फक्त तपकिरी डाग राहिला.

"म्हणजे तहान लागली होती, एवढंच," रुनज्याओ म्हणाली.

तिने कवट्या होत्या तशा ठेवल्या, झाकण लावले आणि रांजणाशेजारी खडकावर बसली. पुष्कळ वेळाने म्हणाली की रांजण टेकडीवर न्यायचा, तिघांसकट. लुंगयाओच्या लोकांची काही हरकत नव्हती. म्हातारी म्हणाली, मी म्हातारी झाले, उदबत्ती लावणारे कोणी उरत नाही, तीन पोरांना घर मिळत असेल तर न्या. हरकत होती थिंगमाओची. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, टेकडी कुळाची आहे. दोन परके आहेत त्यात. लोक काय म्हणतील?"

रुनज्याओने त्याच्या हातांकडे पाहिले. मग शांतपणे, पीकपाण्याचे बोलावे तशी बोलली.

"तेव्हा दोर तापला होता, भाऊजी, म्हणून तुम्ही सोडलात. ते मी कधी काढलं नाही. हा रांजण गार आहे."

थिंगमाओने छत्री मिटली आणि माझ्याकडे दिली. पाठीला फळी बांधली, खाली बसून रांजण त्यावर घेतला आणि उठला. खिंडीच्या पूर्ण चढात तो कुठेही टेकला नाही. माझ्या गुडघ्यांमुळे मी मागे राहत होते. मला पुढे त्याची वाकलेली पाठ दिसे, आणि त्याच्या बाजूने रांजणावर एक हात ठेवून चालणारी ती.

बातमी आमच्या आधी पोहोचली होती. टेकडीच्या पायथ्याशी जिनसोंग उभा होता आणि त्याच्यामागे कुळातली चार माणसे. थोडे बाजूला, पांदीच्या दगडावर, त्याची बायको बसली होती. तिचे दिवस भरत आले होते.

जिनसोंग उद्धट नव्हता. त्याने आधी वाकून नमस्कार केला. "थोरली काकू, आकुनदादा एकटा असता तर मी स्वतः डोक्यावर घेऊन चढलो असतो. पण दोन परके आहेत. परकी हाडं कुळात आली की पहिलं मागतात ते कुळातलं मूल. हिचे दिवस कसे आहेत ते तू बघतेस."

खाली झुकलेल्या थिंगमाओने तोंड उघडले. त्याला काय सांगायचे होते ते मला कळले: तुझा महिना भरला नव्हता म्हणून तो उतरला. जिनसोंगला हे कोणी कधी सांगितलेले नव्हते. पण थिंगमाओचा पहिला शब्द बाहेर पडायच्या आत रुनज्याओने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती त्या मुलीच्या पोटाकडे बघत होती.

"भाऊजी, वळवा."

"कुठे, वहिनी?"

"जिथून आणला तिथे. मूल यायचंय." आणि त्या मुलीला म्हणाली, "अशी थंड दगडावर बसू नकोस."

आम्ही रांजण परत नेला. त्याच चढाने, त्याच खिंडीतून, त्याच पाठीवरून. कपारीतली जागा नोंग आजीने अजून झाडलीही नव्हती. रांजणाचे गोल वळ धुळीत तसेच होते, त्यातच तो पुन्हा बसला.

त्यानंतर रुनज्याओने चूल फिरवून घेतली. आता ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहू लागली. पहिले काही दिवस गिऱ्हाइके दचकत. शेजारच्या तेलवाल्याने थट्टा केली, "काकू, इतकी वर्षं हे तोंड लपवून ठेवलं होतंस?" ती म्हणाली, "बघण्यासारखं नव्हतं म्हणूनच." पूर आला तरी ती उठत नसे. सूप बांधलेला बांबू तिने मोडून चुलीत घातला. महिन्यातून एकदा ती खिंड चढून जाई आणि रांजणापुढे शेवयांचे तीन वाडगे ठेवून येई, तिन्हींत सारखेच शेंगदाणे. गुडघे गेले तेव्हा तेही थांबले. तिला मी दुःखी म्हणणार नाही. दुःखाला कशाची तरी ओढ असते. तिच्यात काही ओढणारेच राहिले नव्हते. शेवयांची चवही गेली. लोक सवयीने खात.

ती छातीच्या दुखण्याने गेली, हिवाळ्यात. त्याआधी तिने थिंगमाओला आणि मला समोर बसवून सांगितले की हाडे वेचायची वेळ येईल तेव्हा तिला टेकडीवर न्यायचे नाही, लुंगयाओच्या रांजणात त्या तिघांमध्ये घालायचे. थिंगमाओने विचारले, दादाजवळ नको का? ती म्हणाली, "त्याच्याजवळ त्याचे आईबाप आहेत. त्याला सोबत आहे."

आम्ही हो म्हटले. वेइंनी तिला आपल्या शेताच्या कडेला माती दिली.

माती मोकळी झाली त्या वर्षी मी ऐंशीला टेकले होते. तरीही गेले. हाडे थिंगमाओने वेचली, त्या आखडलेल्या हातांनी, एकेक पुसत. छत्री धरायला तिचा मुलगा नव्हता. ती जिनसोंगने धरली. त्याची मुलगी, तेव्हा पोटात होती तीच, बांधावर उभी राहून बघत होती. थिंगमाओने त्याला दोराचे आणि महिन्याचे कधी सांगितले, सांगितले की नाही, मला माहीत नाही. पण ऊन चढले, हाडे बरीच होती, आणि त्याचा हात एकदाही हलला नाही.

नवा रांजण घेऊन ते दोघे खिंडीने पुढे गेले आणि मला कुळातल्या एकाने जिनसोंगच्या मोटारसायकलवर वळणाच्या रस्त्याने नेले. नोंग आजी नव्हती, तिची सून होती. खाली झऱ्यापाशी आता कंपनीच्या होड्या सुटत होत्या आणि गाइड पोरगी माणसे मोजून बसवत होती. सुनेने जुन्या रांजणाचे झाकण काढले. थिंगमाओने आत पाहिले, हात घालून चाचपले, आणि तसाच बसून राहिला.

रांजण भरलेला होता. तिघे होते आत, काठापर्यंत. चौथ्याला जागा नव्हती. आम्हा तिघांनी तो आधी उघडा पाहिला होता, थिंगमाओने तो पाठीवरून दोनदा वाहिला होता, आणि हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिच्याही नाही.

सून म्हणाली, शेजारी ठेवा, टेकवून ठेवा, काय फरक पडतो. जिनसोंगही तेच म्हणाला. थिंगमाओने नव्या रांजणात हात घालून शोधून शोधून डाव्या हाताची बोटे काढली, लहान लहान पेरे, शेंगदाण्यांहून थोडी मोठी वाटावीत अशी. ती त्याच्या तळहातावर त्या जुन्या वळांमध्ये मावली. मग कवट्यांच्या मधल्या फटीतून त्याने एकेक पेर आत सोडले. प्रत्येक पेर खाली जाताना आवाज करत होते, आणि शेवटचा आवाज थांबेपर्यंत जिनसोंगने छत्री मिटली नाही.